दुबार पेरणी : एका मुष्टियोद्ध्याच्या पुनरागमनाची गोष्ट



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच आधी मनात होते. पण डबा, छडी, गॅदरिंग आणि वर्गाबाहेर उभे राहण्याचे पराक्रम हे सगळे इतर मंडळी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील, याची मला खात्री आहे. आपल्या तुकडीत लेखकांची टंचाई नाही, हे व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रोज दिसतेच. म्हणून मी इतिहासातला एक विषय घेतला आहे. तोही ग्रुपवरच्याच दोन वादांतून आला.

पहिला वाद 'चंदू चॅम्पियन' चित्रपटावरून झाला होता. जून २०२४ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि आपल्यात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणत होता, ही सगळी फिल्मी मसालेदार गोष्ट आहे, गोळ्या लागलेला माणूस पोहून सुवर्णपदक कसे आणेल? दुसरा पक्ष म्हणत होता, माणूस खरा आहे आणि आपल्या महाराष्ट्रातला आहे. दुसरा वाद त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. माइक टायसन ५८व्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये उतरला आणि २७ वर्षांच्या जेक पॉलकडून हरला. २००५ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाने एवढ्या वर्षांनी ही अब्रू कशाला घालवावी, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. एकाने लिहिले, "मोठ्या माणसानं वेळेवर थांबावं."

हे दोन वाद मला एकाच प्रश्नाचे वाटतात. मैदान सोडलेल्या खेळाडूने परत यावे का? आणि परत आला, तर त्याच्या नावाचे काय होते?

पेरणी आणि दुबार पेरणी

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुनरागमन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे त्याला दुबार पेरणी म्हणतात. मृगाचा पाऊस आला, कपाशी लावली, सोयाबीन पेरले, आणि मग पावसाने तोंड फिरवले. कोंब वर आले नाहीत, किंवा आले आणि करपले. तेव्हा शेतकरी पुन्हा बियाण्याच्या पिशवीसाठी कृषी केंद्राच्या दारात उभा राहतो. यावेळी हातात पैसे नसतात, दिवस निघून गेलेले असतात आणि आभाळावरचा भरवसाही कमी झालेला असतो. तरी पेरावे लागते. आपल्यापैकी निम्म्या मुलामुलींनी हे स्वतःच्या घरात पाहिले आहे.

दुबार पेरणीत एक प्रश्न असतो आणि जाणते शेतकरी तो आधी विचारतात : तेच पीक पुन्हा घ्यायचे, की उशीर झाला म्हणून दुसरे घ्यायचे? दिवस हातात असतील तर तेच बियाणे चालते. फार उशीर झाला असेल तर त्याच वावरात तूर पेरतात. जमीन तीच, माणूस तोच, पण पीक वेगळे.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात बहुतेकांनी तेच पीक पुन्हा घेतले.

अमेरिकेचा जो लुई १९३७ पासून जवळजवळ बारा वर्षे हेवीवेट जगज्जेता होता. २५ वेळा त्याने ते पद राखले. १९४९ मध्ये तो निवृत्त झाला, पण आयकराच्या थकबाकीने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. १९५० मध्ये तो परत आला आणि एझार्ड चार्ल्सकडून हरला. पुढच्या वर्षी तरुण रॉकी मार्सियानोने त्याला रिंगच्या दोरांबाहेर फेकले. कर्जापायी खेळावे लागणे काय असते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. त्याच मार्सियानोने पुढे ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्ती घेतली आणि तो परत कधीच उतरला नाही. त्याचा तो कोरा करकरीत आकडा आजही मुष्टियुद्धाच्या चाहत्यांच्या ओठांवर असतो.

मुहम्मद अलीने दोन्ही गोष्टी करून दाखवल्या. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याचे पद आणि परवाना दोन्ही गेले. उमेदीची साडेतीन वर्षे तो रिंगबाहेर होता. १९७० मध्ये तो परतला आणि १९७४ मध्ये किन्शासा इथे जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत आडवे करून पुन्हा जगज्जेता झाला. इथवरचे पुनरागमन म्हणजे सोने. पण १९७९ मध्ये निवृत्ती जाहीर करूनही तो १९८० मध्ये लॅरी होम्सपुढे उभा राहिला. दहा फेऱ्या त्याने नुसता मार खाल्ला. मग १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हार, आणि १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान. त्याचे मोठेपण कमी झाले का? माझ्या मते नाही. पण त्या शेवटच्या दोन लढती नसत्या तर बरे झाले असते, असे त्याच्यावर प्रेम करणारेच सांगतात.

याच्या उलट जॉर्ज फोरमन. १९७७ मध्ये निवृत्त होऊन तो धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी परतला तेव्हा लोक हसले. १९९४ मध्ये ४५व्या वर्षी त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडले आणि तो पुन्हा जगज्जेता झाला. आपल्या मेरी कोमने २००७ मध्ये जुळ्या मुलांना जन्म दिला आणि २००८ मध्ये चौथ्यांदा जागतिक विजेतेपद घेतले. त्यानंतर २०१० मध्ये पाचवे, २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकचे कांस्य आणि २०१८ मध्ये सहावे विजेतेपद. बाळंतपणानंतर नोकरीवर परतलेल्या आपल्या वर्गातल्या मुलींना या आकड्यांची किंमत नेमकी कळेल.

या सगळ्यांना निदान तीच रिंग आणि तेच हातपाय पुन्हा मिळाले होते. ज्याला तेही मिळाले नाहीत, अशा एका मुष्टियोद्ध्याची गोष्ट आता सांगते. तो महाराष्ट्रातला आहे आणि त्याने त्याच वावरात दुसरे पीक घेतले.

पेठचा मुरलीकांत

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या पेठचा. तो भाग तालमींचा आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांची मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांनी निघाली होती. त्या मुलुखात वाढणाऱ्या पोरांच्या कानावर ऑलिंपिक हा शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी कुस्तीच्या फडात पडत असणार.

पेटकर लहान वयातच सैन्यात गेले. त्यांचे दल ईएमई, म्हणजे लष्कराचे रणगाडे, गाड्या, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांचे आणि कारागिरांचे दल. त्या दलात साध्या जवानाला 'क्राफ्ट्समन' म्हणतात. इंजिनिअरिंग शिकलेल्या माझ्यासारखीला हे नाव फार आवडते. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्ध धरले आणि त्यात नाव काढले. १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते भारताकडून रिंगमध्ये उतरले. तेव्हा वय वीस. सगळे नीट चालले असते तर पुढे काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण रस्ता कुठे जात होता ते दिसत होते.

मग १९६५ चे युद्ध आले. त्यावेळी देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते, त्यांचा जन्मही सांगली जिल्ह्यातल्याच देवराष्ट्रे गावचा. राज्याचे मुख्यमंत्री होते आपल्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच आघाडीवर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. याच युद्धात पेटकरांच्या अंगात गोळ्या घुसल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. एक गोळी कण्याजवळ कायमची राहिली. बराच काळ ते बेशुद्ध होते. वय एकवीसही पूर्ण नव्हते.

रिंगमध्ये काय गेले, पाण्यात काय उरले

आपल्या शाळेत बॉक्सिंगची रिंग नव्हती. पी.टी.च्या तासाला लेझीम, डंबेल्स, कबड्डी आणि खो-खो एवढेच आपण पाहिले. त्यामुळे मुष्टियुद्ध म्हणजे हातांचा खेळ, असा आपला समज असतो. तो खरा नाही. ठोसा सुरू होतो पायाच्या टाचेतून. तिथून तो पोटरी, मांडी, कंबर, खांदा असा वर चढतो आणि शेवटी मुठीत येतो. बचावही पायांनीच होतो. पाय सरकला तर डोके वाचते. कमरेखालचा भाग गेला, म्हणजे मुष्टियोद्ध्याचे जवळजवळ सगळेच गेले. अली किंवा लुई यांच्यापुढे परत यायचे की नाही असा प्रश्न तरी होता. पेटकरांची निवृत्ती त्यांना न विचारताच ठरली होती.

मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तिथे पोहणे हा उपचाराचा भाग होता. याच्या मागे एक मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला इजा झालेला रुग्ण फार दिवसांचा सोबती मानला जात नसे. पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई आणि माणूस अंथरुणातच संपे. जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमान या डॉक्टरांनी स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात हे चित्र बदलले. रुग्णाला कुशीवर वळवा, उठवून बसवा, कामाला लावा, खेळायला लावा, असा त्यांचा आग्रह. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. त्यात दोन स्त्रियाही होत्या. याच रोपट्याचे पुढे पॅरालिंपिक झाले.

पाण्यात लुळ्या पायांचे वजन जमिनीवरच्यासारखे जाणवत नाही, म्हणून उपचाराला पाणी चांगले. पण शर्यतीला तेच पाणी कठीण. पाय मारता येत नाहीत, ते मागे ओढत राहतात, कंबर खाली जाते आणि पुढे जाण्याचा सगळा भार खांद्यांवर, पाठीवर आणि श्वासावर पडतो. आणि नेमक्या याच तीन गोष्टी मुष्टियोद्ध्याने वर्षानुवर्षे कमावलेल्या असतात. तीन मिनिटांच्या फेरीत ठोसे घेत, देत, श्वास मोडू न देणे हे त्याचे शिक्षण. रिंगमधले जेवढे शिल्लक होते, ते पेटकरांना पाण्यात कामी आले असणार.

ते लगेच पोहण्यावर थांबले नाहीत. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, टेबल टेनिस असे हाताने जे जमेल ते सगळे त्यांनी करून पाहिले. १९६८ मध्ये तेल अवीवला भारत पहिल्यांदा पॅरालिंपिकमध्ये उतरला, तेव्हा पेटकर टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार केली. १९७० मध्ये एडिनबरोला झालेल्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले. क्रिकेटपटू विजय मर्चंट तेव्हा अपंगांसाठी काम करणारी संस्था चालवत होते. परदेशी जाण्याच्या खर्चाला त्यांच्या संस्थेचा हातभार लागला. क्रिकेटच्या मोठ्या माणसाने असे मागे उभे राहिलेले वाचून बरे वाटते.

मग आले १९७२. ऑलिंपिक म्युनिकला होते, पण पॅरालिंपिक झाले हायडेलबर्गला, कारण म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर लगेच घरांसाठी द्यायचे होते. ऑगस्टच्या सुरुवातीला चाळीसहून अधिक देशांचे खेळाडू तिथे जमले. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या तिसऱ्या गटात पेटकरांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक घेतले. भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम यांतही ते अंतिम फेरीत होते. भारताचे पॅरालिंपिकमधले हे पहिले पदक, आणि पहिलेच सुवर्ण. त्याच महिन्याच्या शेवटी सुरू झालेल्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचे एक कांस्य तेवढे मिळाले. म्हणजे त्या वर्षी जर्मनीत भारतासाठी सर्वांत वर उभा राहिलेला खेळाडू व्हीलचेअरवर होता.

टोकियोच्या रिंगपासून हायडेलबर्गच्या तरणतलावापर्यंत आठ वर्षे. त्यातली किती अंथरुणात गेली, हे लक्षात घेतले की आठ हा आकडा लहान वाटायला लागतो.

पदक आले, नाव कुठे गेले?

१९७२ हे महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचे वर्ष आहे. आपल्या आईवडिलांकडून सुकडी, लाल ज्वारी आणि रोजगार हमीच्या खडीची वर्णने आपण ऐकली आहेत. कदाचित त्या धामधुमीत एका अपंग सैनिकाच्या पदकाला जागा कमी पडली असेल. पण दुष्काळ हटला, पावसाळे आले, तरी ते नाव उगवले नाही.

पेटकर पुण्याला टेल्कोत नोकरी करू लागले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी प्रयत्न केला, तो नाकारला गेला. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिंपिकमध्ये भारताने भागच घेतला नाही. २००४ मध्ये अथेन्सला देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत सुवर्ण मिळवले, म्हणजे पॅरालिंपिकमधले दुसरे सुवर्ण यायला बत्तीस वर्षे लागली. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकले, तेव्हा देशभर आनंद झाला आणि तो रास्त होता. ऑलिंपिकमधले भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णच. पण त्या वेळी पुण्यातल्या एका घरात छत्तीस वर्षांपूर्वीचे एक वैयक्तिक सुवर्ण होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होते?

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. माझे काम माहितीच्या मोठमोठ्या साठ्यांचे. जुन्या संगणकप्रणालीतली माहिती नव्यात आणताना माहिती नष्ट होण्याचे प्रसंग फार कमी येतात. माहिती असते, पण ती सापडत नाही. एका तक्त्यात एक नोंद, दुसऱ्यात दुसरी, आणि दोघींना जोडणारा रकानाच कुणी ठेवलेला नसतो. पेटकरांचे तसेच झाले. मुष्टियोद्धा म्हणून ते लष्कराच्या वहीत, जखमी जवान म्हणून रुग्णालयाच्या वहीत, कामगार म्हणून कारखान्याच्या वहीत आणि जलतरणपटू म्हणून पॅरालिंपिकच्या निकालपत्रात. ऑलिंपिकच्या तक्त्यात मात्र नाहीच. चार वह्यांमधला माणूस एकच आहे, हे कुणी विचारल्याशिवाय कळत नाही.

खाशाबांची गोष्ट याहून वाईट. ते पोलीस खात्यात नोकरीला राहिले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. कौतुक करायला आपण उशीर करतो, ही आपली जुनी खोड आहे.

पेटकरांच्या बाबतीत निदान ते स्वतः पाहायला होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये चित्रपट आला. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. मागितल्यापासून बेचाळीस वर्षांनी. त्याच समारंभात अर्जुन पुरस्कार घेणाऱ्यांत सचिन खिलारी होते, पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलेले आणि सांगली जिल्ह्याचेच. पॅरिसला भारताने २९ पदके मिळवली, त्यांतली ७ सुवर्ण. एकट्याने पेरलेल्या वावरात आता असे पीक आले आहे.

मग वारसा म्हणजे काय?

ग्रुपवरच्या पहिल्या वादाचा निकाल आता देता येतो. चित्रपटात प्रसंग रंगवलेले असतील, तो चित्रपटाचा धर्मच आहे. पण पाया खरा आहे : मुष्टियोद्धा, युद्ध, गोळ्या, पोहणे, ३७.३३ सेकंद, आणि नंतरचा लांबलचक विसर.

दुसऱ्या वादात मात्र मी बहुमताच्या विरुद्ध आहे. मोठ्या माणसाने वेळेवर थांबावे, हे वाक्य प्रेक्षकांच्या सोयीचे आहे. आपल्या मनातले चित्र खराब होऊ नये, म्हणून आपण ते म्हणतो. लुईला कर होता, अलीला रिंगशिवाय करमत नव्हते, टायसनची कारणे टायसनला ठाऊक. मार्सियानो परतला नाही म्हणून त्याचा आकडा स्वच्छ राहिला. फोरमन परतला म्हणून त्याची गोष्ट मोठी झाली. परत येण्याने नाव वाढते की घटते, याचा नियम मला या इतिहासात सापडला नाही. एवढे मात्र दिसते की निकाल खेळाडू एकटा ठरवत नाही. तो काय करून गेला ते त्याच्या हातात. ते कुठे लिहून ठेवले जाते, कोण वाचते आणि पुढच्याला कोण सांगते, ते आपल्या हातात. पेटकरांनी आपले पुनरागमन १९७२ मध्येच पूर्ण केले होते. राहिले होते ते आपले.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न खेळापुरता नाही. एका नापिकीने, एका कर्जाने, एका नापासाच्या शिक्क्याने माणूस संपला असे ठरवायची घाई आपल्याकडे फार महागात पडली आहे. यवतमाळचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत कशासाठी येत राहिले, ते मी इथे लिहीत नाही. आपल्यातल्या काही घरांना ते फार जवळून माहीत आहे. अशा घरांतल्या कुणाला पेटकरांचे उदाहरण देऊन "बघा, जिद्द हवी" असे सांगावे, असे मला मुळीच वाटत नाही. पेटकरांना जिद्द होती, पण त्याबरोबर रुग्णालय होते, पोहायला शिकवणारे होते, तिकिटाचा खर्च उचलणारी संस्था होती, नोकरी देणारा कारखाना होता. दुबार पेरणीला बियाणे कुणीतरी उधार द्यावे लागते. नुसत्या हिमतीवर ती होत नाही.

आपल्यापुरते

या मेळाव्याच्या निमित्ताने यादी करताना असे लक्षात आले की दहावीनंतर जे नापास झाले, ज्यांची शाळा सुटली, ज्या मुलींची लगेच लग्ने झाली, त्यांचे पत्ते मिळवणे सर्वांत अवघड गेले. गुणवत्ता यादीतली नावे शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर आहेत, ती सापडायला वेळ लागला नाही. बाकीच्यांसाठी भिंतीवर काही नाही. त्यातली एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "मी येऊन काय सांगू? तुम्ही सगळे कुठल्या कुठे गेले." बोलता बोलता कळले की तिने मुलाच्या बरोबरीने बसून बारावीची परीक्षा दिली आणि पुढे अंगणवाडीत काम धरले. हे तिला सांगण्यासारखे वाटत नव्हते.

म्हणून संपादक मंडळापुढे आणि मुख्याध्यापक सरांपुढे एक सूचना ठेवते. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर नाव, गाव, व्यवसाय यांचे जे रकाने असतील, त्यांच्याजवळ आणखी एक रकाना ठेवावा : 'मध्ये काय सुटले होते आणि पुन्हा कधी सुरू केले'. भरायची सक्ती नको. ज्यांना वाटेल ते भरतील. वही शाळेच्या ग्रंथालयात राहू द्यावी. ती संगणकावर चढवण्याचे आणि जपण्याचे काम मी करीन, ते मला येते.

आणि क्रीडा शिक्षक सरांना एक विनंती. शाळेच्या जुन्या क्रीडास्पर्धांच्या नोंदवह्या कुठल्या कपाटात असतील तर त्या रद्दीत जाण्याआधी आम्हाला दाखवा. तालुका, जिल्हा, विभाग पातळीवर कोण कोण खेळले, कोण का थांबले, ते एकदा लिहून काढू. त्यात कुणी पेटकर निघेलच असे नाही. पण नावे तर निघतील.

– १९९७ च्या दहावीची एक विद्यार्थिनी
(सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)